एक लॅपटॉप, दोन वेशी

कराडला माझं संगणक दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. दुकानात येणाऱ्या तक्रारी साधारण दोनच प्रकारच्या असतात. पहिली 'चालू होत नाही' आणि दुसरी 'नेट चालत नाही'. पहिलीसाठी स्क्रू ड्रायव्हर लागतो, दुसरीसाठी धीर लागतो. आज ज्या तक्रारीबद्दल बोलणार आहे ती दुसऱ्या प्रकारातली, पण जरा चमत्कारिक. एक वाय-फाय जोडलं की लॅपटॉप गुमान चालतो. दोन जोडली की घोटाळा सुरू होतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तालुक्यातल्या एका गावातून दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. म्हणाले, "भाऊ, आमचा लॅपटॉप दोघांत एकालाच धरतोय. मशीन धरलं की नेट सोडतोय, नेट धरलं की मशीन सोडतोय." इतक्या नेमक्या शब्दांत दुखणं सांगणारं गिऱ्हाईक क्वचितच मिळतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच मोटारसायकल काढली.

ज्यांनी दूध संस्थेतली सकाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सहापासून लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. दुधाचं वजन होतं, नमुना मशीनमध्ये जातो, मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवतं. ते आकडे लॅपटॉपवर येतात, दर निघतो, पावती छापून हातात पडते. याच आकड्यांवर दर दहा दिवसांनी बिल निघतं. म्हणजे पडद्यावरचा आकडा हा नुसता आकडा नाही, कुणाच्या तरी घरातला किराणा आहे.

या संस्थेत मशीनपासून लॅपटॉपपर्यंत पूर्वी वायर होती. ती उंदरांनी दोनदा कुरतडली, म्हणून कुणीतरी मशीनला काडेपेटीएवढी एक पेटी बसवून दिली. ही पेटी स्वतःचं वाय-फाय तयार करते आणि त्यावरून आकडे लॅपटॉपला देते. इंटरनेटचा राउटर आतल्या खोलीत. संकलन संपलं की सगळा हिशेब इंटरनेटवरून संघाला पाठवायचा. थोडक्यात, लॅपटॉपला एकाच वेळी दोन वाय-फाय हवीत.

आता वाय-फायचं साधं कार्ड हे तुमच्या हातातल्या रेडिओसारखंच असतं. एका वेळी एक केंद्र. दोन केंद्रं ऐकायची तर काटा इकडून तिकडे फिरवत बसावं लागेल. काही हुशार मंडळींनी तेही करून पाहिलं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात रणवीर चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली असा प्रयोग मांडला, की एकच कार्ड भराभर दोन जाळ्यांमध्ये आलटून पालटून फिरवायचं आणि माणसाला वाटावं, दोन्ही चालू आहेत. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ मध्ये, ज्या फोनची अंगभूत ताकद तेवढी आहे त्यांना, दोन वाय-फाय एकदम धरण्याची सोय आली. पण आपल्या साध्या लॅपटॉपसाठी सोपा मार्ग म्हणजे यूएसबीच्या खाचेत अंगठ्याएवढं दुसरं वाय-फाय लावायचं. बाजारात त्याला सगळे डोंगलच म्हणतात. संस्थेनंही तेच केलं होतं. आतलं कार्ड राउटरला, डोंगल मशीनला.

आणि तिथंच अडलं होतं. दोन्ही जोडलेली असताना मशीनचे आकडे येत, पण संघाची वेबसाइट उघडत नसे. डोंगल काढला की वेबसाइट उघडे. संकलन करणाऱ्या ताई बिचाऱ्या कंटाळून गेल्या होत्या. हिशेबाचा प्रोग्रॅमही नेट सापडलं नाही की मध्येच अडून बसे. शेवटी त्यांनी मशीनचे आकडे वहीत लिहून घ्यायचे आणि रांग संपल्यावर डोंगल काढून ते हातानं भरायचे, असा मार्ग काढला. घाईत लिहिलेला मराठी सहा आणि तीन किती सारखे दिसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. एका आजींचं फॅट ७.६ होतं, ते भरताना ७.३ झालं. एकदा नव्हे, तीनदा. बिल आल्यावर आजी काठी टेकत संस्थेत आल्या. "वैरण तीच, पेंड तीच, म्हस बी तीच. मग फॅट कसं उतारलं?" ताईंकडे उत्तर नव्हतं. वही उघडली तेव्हा चूक सापडली, पैसेही दिले गेले, पण गावात कुजबुज सुरू झाली ती झालीच. सचिवांनी मला फोन केला तो या कुजबुजीमुळे.

माझ्याआधी दोघं येऊन गेले होते. एकानं विंडोज पुन्हा टाकून दिलं, दुसऱ्यानं डोंगल बदलला आणि राउटर बदलायला सांगितलं. त्यांना हसायचा मला अधिकार नाही, कारण पहिला तास मीही भलत्याच वाटेनं गेलो. मला वाटलं, दोन्ही वाय-फाय एकमेकांच्या लहरींत लुडबुड करत असतील. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. पेटी आणि राउटर दोन्ही सहावर होती. राउटर अकरावर नेला. सिग्नल सुधारला, पण आजार जागच्या जागी.

मग चहा घेतला आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली. लॅपटॉपचं प्रत्येक कार्ड कुठल्या पत्त्यावर राहतं आणि त्याची वेस कोणती, हे ती सांगते. वेस हा माझा शब्द; संगणकवाले गेटवे म्हणतात. गावातल्या गावात जायचं तर वेशीशी काम नाही, पण परगावी जायचं तर वेशीतूनच जावं लागतं. वाय-फायचंही तसंच आहे. राउटर ही वेस. संघाचा संगणक परगावी आहे, म्हणून त्याचा निरोप वेशीतून जाणार.

लॅपटॉपवर दोन वेशी दिसल्या. एक राउटरची, १९२.१६८.१.१. दुसरी मशीनच्या पेटीची, १९२.१६८.४.१. रेडिओवर असे आकडे सांगणं कंटाळवाणं असतं याची मला कल्पना आहे, पण सगळी मेख यातच आहे. पेटीनं लॅपटॉपला पत्ता देताना 'तुझी वेस मीच' असंही सांगून ठेवलं होतं. अशा पेट्या बहुधा ते आपोआपच सांगतात. त्या बिचारीच्या पलीकडे रस्ताच नाही. तिच्यामागे फक्त फॅट मशीन.

मग प्रश्न असा, की दोन वेशी असतील तर लॅपटॉप कुठली निवडतो? पुष्कळांना वाटतं, तो दोन्हींकडे जाऊन बघत असेल, नाहीतर जिथं इंटरनेट आहे ती ओळखत असेल. तसं नाही. तो प्रत्येक वाटेला एक आकडा देतो, मेट्रिक म्हणतात त्याला. ज्याचा आकडा लहान ती वाट निवडायची, विषय संपला. 'रूट प्रिंट' अशी आज्ञा दिली की हे आकडे दिसतात. यादीच्या सुरुवातीला ०.०.०.० असं लिहिलेली ओळ असते, तिचा अर्थ 'बाकी सगळ्या जगासाठी'. इथं तशा दोन ओळी होत्या. राउटरसमोर ६०, पेटीसमोर ५०. पेटी जिंकली होती. संघाला जायचा प्रत्येक निरोप लॅपटॉप इमानेइतबारे फॅट मशीनला नेऊन देत होता.

पेटीला ५० कुणी दिले? विंडोजनं, आपणहून. विंडोज १० पासून वाय-फायसाठी हा आकडा जोडणीच्या वेगावरून ठरतो. ८० ते १५० मेगाबिट वेग असेल तर ४५, ५० ते ८० असेल तर ५०, १० ते २० असेल तर ६०. पेटी लॅपटॉपपासून हातभर अंतरावर, तिचा वेग ७२ मेगाबिट. राउटर आतल्या खोलीत, मध्ये लोखंडी दार, तिथून वेग मिळत होता १३ मेगाबिट. वेग मोजला जातो तो लॅपटॉप आणि पेटी यांच्यामधला. पेटीच्या पलीकडे रस्ता आहे की भिंत, याचा त्या हिशेबात विचारच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायच्या ज्या रेघा दिसतात, त्याही एवढंच सांगतात. भरपूर रेघा म्हणजे वेशीपर्यंतचा रस्ता चांगला. पुढचं त्यांना माहीत नाही.

हे कळलं आणि आणखी एक कोडं सुटलं. ताई मला आल्या आल्या म्हणाल्या होत्या, "काका, संध्याकाळी कधी कधी दोन्ही चालतंय बघा." मी ते कानाआड केलं होतं. दुरुस्ती करणाऱ्यानं करू नये अशी ही गोष्ट. सचिव संध्याकाळी येऊन आतल्या खोलीत बसत, तेव्हा ते लोखंडी दार उघडं असे. मी दार उघडून जोडणी पुन्हा केली. वेग १४४ मेगाबिट झाला, आकडा ४५ आणि राउटर जिंकला. संघाची वेबसाइट उघडली. दार लावून पुन्हा जोडलं, की बंद. ताई, सचिव आणि मी, तिघंही ते दार चार वेळा उघडून आणि लावून बघत होतो. रांगेतल्या एकानं विचारलं, "काय, बिजागरी खराब झाली का?"

उपाय पाच मिनिटांचा होता. डोंगलचा पत्ता आपोआप घेणं बंद केलं आणि हातानं भरला, १९२.१६८.४.१०. त्याखालचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. आणि गेटवेचा रकाना कोरा ठेवला. एवढंच. वेसच नाही म्हटल्यावर लॅपटॉप तिकडून परगावी जाण्याचा विचार करणार नाही. गावातल्या गावात, म्हणजे मशीनशी, बोलायला मात्र त्याला अडचण नाही. दुसरा मार्गही आहे. त्याच ठिकाणी 'ॲडव्हान्स्ड'मध्ये आपोआप मेट्रिकची खूण काढून आपले आकडे द्यायचे, इंटरनेटला लहान आणि दुसऱ्याला मोठा. दोन्ही जाळ्यांवर इंटरनेट असेल आणि एक राखीव ठेवायचं असेल तेव्हा तो मार्ग बरा. जिथं पलीकडे रस्ताच नाही, तिथं वेस कोरी ठेवणं सरळ.

जाताना ताईंना एक गोष्ट बजावून सांगितली. मशीनच्या वाय-फायपुढे 'इंटरनेट नाही' असं लिहून येईल, ते बघून घाबरून जोडणी तोडायची नाही. विंडोज प्रत्येक जोडणीवरून मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून इवलीशी मजकुराची फाइल आणून बघतं. आली तर इंटरनेट आहे, नाही आली तर नाही. मशीनकडून ती कधीच येणार नाही. तिथं 'इंटरनेट नाही' हे दुखणं नव्हे, ती वस्तुस्थिती आहे.

मी खुशीत परतलो. आठवड्यानं पुन्हा फोन. "काका, परत तसंच झालंय. आत्ता लाइट गेली होती."

या वेळी वेशी ठीक होत्या, घोटाळा वेगळाच होता. वीज जाते तेव्हा राउटर आणि पेटी दोन्ही बंद होतात, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो. वीज आली की पेटी काही सेकंदांत तयार. राउटरला उठून बसायला दोनेक मिनिटं. आता माझ्याआधी आलेल्या एकानं तपासणी म्हणून लॅपटॉपचं आतलं कार्डही एकदा मशीनच्या वाय-फायला जोडून पाहिलं होतं आणि 'आपोआप जोडा' ही खूण तशीच ठेवली होती. आतलं कार्ड जागं झालं, राउटर दिसेना, ओळखीची पेटी दिसली, तिला जाऊन बसलं. डोंगलही तिथंच. दोन कार्डं, दोन्ही मशीनला, आणि राउटर आला तरी त्याला विचारणारं कुणी नाही. कोपऱ्यात पाहिलं तर जोडणी चांगली, रेघा भरपूर.

उपाय असा, की आतल्या कार्डाच्या आठवणीतून मशीनचं वाय-फाय पुसून टाकलं आणि डोंगलच्या आठवणीत ते एकच ठेवलं. प्रत्येक कार्डाची आठवण वेगळी असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. जोडण्यांच्या यादीत 'वाय-फाय' आणि 'वाय-फाय २' अशी नावं असतात, ती बदलून 'इंटरनेट' आणि 'फॅट मशीन' अशी ठेवली. हे नाव बदलणं अगदी किरकोळ वाटेल, पण फोनवरून मदत करताना त्याचा जो उपयोग होतो तो मीच जाणतो. 'दोन नंबरचं वाय-फाय बघा' म्हटलं की समोरचा हमखास पहिलंच बघतो. पेटीचा पासवर्ड एक ते आठ असे ओळीनं आकडे होता, तोही बदलला. शेजारच्या पोरांना तो केव्हाच पाठ झाला असणार.

दुसऱ्याच्या चुका सांगतो आहे, तर घरचीही सांगायला हवी. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांप्रमाणे आमच्याकडेही दोन कंपन्यांचं ब्रॉडबँड आलं. मुलगी घरूनच नोकरीचं काम करायची, एक बंद पडलं तर दुसरं हवं. नव्या राउटरचा पासवर्ड बदलायचा म्हणून मी माझा लॅपटॉप दोन्हींना जोडून बसलो, आतलं कार्ड जुन्याला, डोंगल नव्याला. १९२.१६८.१.१ उघडलं, आत गेलो, वाय-फायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. आतल्या खोलीतून आवाज आला, "बाबा, काय केलंत? माझी मीटिंग तुटली!" मी जुनाच राउटर बदलून ठेवला होता. नव्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता.

हे असं का? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सगळे मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरणारे नव्हते. म्हणून १९९६ साली पत्त्यांचे तीन गठ्ठे खासगी वापरासाठी नक्की करून दिले गेले. घराघरांत, कचेऱ्यांत ते हवे तितक्या वेळा वापरा, बाहेरच्या जगात ते चालणार नाहीत. १९२.१६८ पासून सुरू होणारे पत्ते त्यातलेच. त्यामुळे १९२.१६८.१.१ हा पत्ता म्हणजे वेशीवरच्या मारुतीसारखा आहे. 'मारुतीच्या देवळापाशी भेटू' हे गावातल्या माणसाला पुरतं. पण जो एकाच वेळी दोन गावांत उभा आहे, त्यानं कुठल्या मारुतीपाशी जावं? लॅपटॉप पुन्हा मेट्रिकचा आकडा बघतो, लहान आकड्याच्या गावातल्या मारुतीला जातो आणि दुसरा मारुती त्याला दिसतच नाही. इथं मेट्रिक बदलून भागत नाही, कारण एक सापडला की दुसरा हरवतो. दोघांपैकी एका राउटरचा पत्ताच बदलावा लागतो. मी नव्याचा १९२.१६८.५०.१ केला. अर्थात आधी मुलीची मीटिंग जोडून दिली.

दोन ब्रॉडबँड एकदम जोडली तर वेग दुप्पट होईल का, असं मला दुकानात हमखास विचारतात. आतापर्यंतचं ऐकून उत्तर तुमच्याही लक्षात आलं असेल. एक संभाषण एकाच वेशीतून जातं; दुसरी रिकामी राहते. दोन्ही वाटा मिळून एकच संभाषण चालवण्याची पद्धत आहे, २०१३ साली ॲपलनं आयफोनवरच्या सिरीसाठी ती वापरलीही. पण त्यासाठी पलीकडच्या टोकालाही तशी तयारी लागते. नुसता डोंगल खुपसून ते होत नाही. दुकानात बसून धंद्याच्या विरुद्ध बोलतो खरा, पण वेगासाठी म्हणून डोंगल मागणाऱ्याला मी परत पाठवतो.

दूध संस्थेच्या भिंतीवर मी एक कागद लावून दिला आहे. अडलं की क्रमानं करायच्या गोष्टी त्यावर आहेत. आधी 'पिंग १९२.१६८.४.१' टाकून बघायचं. उत्तर आलं तर मशीनपर्यंतचा रस्ता ठीक. मग 'पिंग १९२.१६८.१.१', उत्तर आलं तर राउटरची वेस गाठली. मग 'पिंग ८.८.८.८', हा गूगलचा एक सार्वजनिक पत्ता. तिथून उत्तर आलं म्हणजे वेशीबाहेरही पडलो. एवढं सगळं होऊनही संघाची वेबसाइट नावानं उघडत नसेल, तर नावाचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था, डीएनएस, अडली असण्याची शक्यता. लॅपटॉप नाव विचारायला चुकीच्या पेटीकडे गेला की असं होतं, म्हणून डोंगलच्या रकान्यात डीएनएसही कोरं ठेवायचं. जिथं उत्तर थांबलं तिथंच दुखणं शोधायचं, आणि मला फोन करताना कुठल्या ओळीवर थांबलं तेवढं सांगायचं. विंडोज पुन्हा टाकणं या कागदावर कुठेच नाही.

परवा त्या बाजूला गेलो होतो, म्हणून सहज डोकावलो. संकलन चालू होतं, पावत्या निघत होत्या, लोखंडी दार लावलेलं होतं. त्या आजी रांगेत होत्या. पावती डोळ्यांजवळ धरून त्यांनी आकडा वाचला आणि मग ताईंना म्हणाल्या, "वहीत बी लिव्ह." ताईंनी वही उघडली आणि लिहिलं. आजींच्या पुरती ती वही अजून चालू आहे. फक्त आता त्यात सहा आणि तीन अक्षरी लिहितात.